बोड सॉल्टरी भजनात चालेल का? मानोऱ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही मानोरा तालुक्यातल्या गावात राहता, वय ३८, भजनी मंडळात पेटी वाजवता आणि तीही कानाने शिकलेली. मोबाइलवर कुणीतरी बोड सॉल्टरी, म्हणजे गजाने वाजवायचं तारांचं त्रिकोणी वाद्य, वाजवताना ऐकली आणि ‘अंगावर काटा आला, दोन दिवस दुसरं काई आयकूच वाटेना’ असं लिहिलंत. आता विचारताय की गुरूशिवाय हे वाद्य येईल का, भजनात चालेल का, आणि बाहेरून मागवण्यापेक्षा गावच्या सुताराकडून ‘बनोता येईन का’.

मी दारव्हा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. हे वाद्य अकरा वर्षं माझ्या मांडीवर आहे. भाचीने जर्मनीहून येताना आणलं. त्याआधी पेटी आणि थोडा दिलरुबा येत होता, त्यामुळे गज हातात धरायची सवय होती. शेवटची काही वर्षं शाळेतल्या पोरांनाही शिकवलं. तेव्हा जे सांगते ते एवढ्या अनुभवातलं. मोठ्या वादकाचं मत समजू नका.

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मला वाटतं खरी अडचण एकच आहे. तुम्हाला जो आवाज आवडला तो एकट्या वाद्याचा होता, शांत खोलीतला, बहुतेक थोडी गुंज वाढवून रेकॉर्ड केलेला. आणि तुम्ही ते नेऊन बसवणार आहात खंजिरी, टाळ, ढोलकी आणि वीस माणसांच्या मधोमध. तिथे तो काटा येईल का, हे आधी बघायला हवं. म्हणून मी आवाजापासून सुरुवात करते. सुताराचं नंतर.

वाद्य म्हणजे एक लांबट त्रिकोणी लाकडी खोकं, रुंद बाजू आपल्याकडे, टोक समोर. रुंद बाजूला खुंट्या, त्या किल्लीने फिरवून स्वर लावायचे. दोन्ही तिरप्या कडांवर ओळीने उभ्या पिना. प्रत्येक खुंटीपासून एक पोलादी तार निघते आणि एका पिनेला अडकते. टोकाकडची तार सगळ्यात लांब, म्हणून खर्ज दूर आणि तार सप्तक छातीजवळ. पेटीवाल्याला हे पहिले दोन दिवस उलटं वाटतं. दोन पिनांमध्ये करंगळी मावेल एवढी फट असते. त्या फटीत गज ठेवला की तिथे बाहेरच्या अंगाला एकच तार असते, बाकीच्या आत राहतात. एका फटीत एक स्वर, बस. बोटाने तार दाबायची नाही, पडदा नाही, सारंगीसारखी नखं झिजवायची नाहीत.

नेहमीच्या मापाच्या वाद्याला २५ तारा असतात, म्हणजे बारा-बारा स्वरांची दोन सप्तकं आणि वरचा सा. उजव्या कडेला पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांचे १५ स्वर, डाव्या कडेला काळ्या पट्ट्यांचे १०. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लोक याला प्राचीन वाद्य म्हणून विकतात. ते अर्धं खरं आहे. सॉल्टरी जुनी, युरोपात मध्ययुगात होती, पण ती बोटांनी किंवा पिसाच्या दांडीने छेडायची, आपल्या स्वरमंडळासारखी. गजाने वाजणारी ही त्रिकोणी बहीण विसाव्या शतकातली. १९२५ मध्ये जर्मनीत क्लेमेन्स नॉयबर यांच्या कारखान्याला अशा धर्तीच्या वाद्याचं पेटंट मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्टफालियातल्या वाल्टर मिटमन नावाच्या प्राथमिक शिक्षकाने आजचं रूप शाळेतल्या मुलांमध्ये रुजवलं. म्हणजे एका मास्तराने पोरांसाठी जवळ केलेलं वाद्य. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं, आणि तुमच्या ‘गुरूशिवाय येईल का’ला निम्मं उत्तर इथंच आहे. पाच मिनिटांत सूर निघतो. माझ्या चौथीच्या पोट्ट्यांनी पहिल्याच तासाला सा रे ग प वाजवलं. सूर निघणं आणि कानाला गोड लागणं यातलं अंतर मात्र काही महिन्यांचं आहे.

आता त्या काट्याबद्दल. राळ लावलेला गज तारेवर ठेवला की केस तारेला धरतात, थोडं ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. सेकंदाला शेकडो वेळा. सारंगीत, व्हायोलिनमध्ये हेच होतं. पण तिथे तारेचं एक टोक बोटाच्या मऊ पेराखाली किंवा नखापाशी असतं, त्यामुळे गज उचलला की आवाज लगेच विझतो. इथे तार दोन्हीकडून कडक अडकलेली आहे. गज उचलला तरी ती वाजत राहते. शांत घरात मी मोजलंय, मधल्या सप्तकातली तार मला चार-पाच सेकंद स्पष्ट ऐकू येते, खर्जाची आणखी जास्त.

त्यामुळे होतं काय, तुम्ही ग वाजवता तेव्हा आधीचा रे अजून हवेत असतो आणि त्याच्या मागे सा. शिवाय न छेडलेल्या तारासुद्धा खोक्याच्या थरथरीने हलतात, सारंगीच्या तरफांसारख्या. ओल्या बोटाने काचेच्या ग्लासाचा काठ घासला की जसा आवाज येतो, तसा वरचा स्वर, आणि त्याच्याखाली आधीच्या स्वरांचं धुकं. तुम्हाला आवडलं ते हे धुकं, एकेकटा स्वर नव्हे. एकेक तार सुटी ऐकली तर ती थोडी कोरडीच असते.

आणि याच धुक्यामुळे सगळी अडचण होते. स्वर विझत नाहीत म्हणजे चुकाही विझत नाहीत. चुकून शेजारच्या तारेला गज लागला तर ती पुढच्या तीन स्वरांखाली कुरकुरत राहते. जलद ओळ वाजवली तर सगळे स्वर एकमेकांत मिसळून खिचडी. मी पहिल्या वर्षी पेटीवरच्या सगळ्या चाली याच्यावर उतरवायचा सपाटा लावला होता. आमच्या घरातल्यांनी फार सहन केलं. एकदा आमचे हे म्हणाले, ‘तू वाजवणं थांबवलं की बरं वाटते.’ थट्टाच होती ती, पण मी थांबून ऐकलं तर खरंच थांबल्यावर जे उरत होतं ते वाजवण्यापेक्षा चांगलं होतं. तेव्हापासून मी कमी वाजवायला लागले. ओळीत आठ स्वर असतील तर पाचच घेते. बाकीचे गाणाऱ्याच्या गळ्यात असतातच.

मींड नाही, हे दुसरं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, गंधाराला झोका देता येत नाही. तुमच्या पेटीचंही हेच दुखणं, आणि याच कारणाने आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं. पेटीवाल्याला या उणिवेची सवय असते म्हणून तुम्हाला फार खटकणार नाही. पण दिलरुबा किंवा सारंगी डोक्यात ठेवून हे विकत घ्याल तर पस्तावाल. आमच्याकडे एकदा किंगरी हे गजाचं वाद्य वाजवणारे, प्रधान समाजाचे एक म्हातारबाबा आले होते. त्यांनी माझं वाद्य मांडीवर घेतलं, गज एका तारेवर ओढला, डाव्या हाताची बोटं आपोआप तारेकडे गेली आणि दाबायला जागाच सापडेना. दोन-तीनदा असं झालं. मग हसले आणि म्हणाले, ‘याले हात एकच लागते, दुसरा रिकामाच.’ परत देताना मात्र टोकाची खर्जाची तार त्यांनी पुन्हा एकदा लांब ओढली आणि आवाज पूर्ण संपेपर्यंत वाद्य सोडलं नाही.

त्या रिकाम्या हाताला काम आहे, ते सांगते. ओळ संपली की डावा तळवा हलकेच तारांवर टेकवायचा, धुकं पुसलं जातं. पोरांना मी याला ‘चूप’ म्हणायला शिकवलं होतं. सा रे ग प, चूप. हे न शिकवता पहिले चार महिने घालवले, ती माझी चूक. काही लोक दोन्ही हातांत एकेक गज धरतात, एकाने सा धरून ठेवायचा, दुसऱ्याने चाल. ऐकायला सुंदर लागतं. पण आधी एक गज सरळ चालू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे धुकं सगळ्या रागांना सारखं झेपत नाही. भैरवात सा आणि कोमल रे शेजारी-शेजारी. दोन्ही एकदम वाजत राहिले की कानात खरखर होते, पंचम आणि कोमल धैवताचं तसंच. म्हणजे पहाटेच्या भैरवातल्या चाली या वाद्याच्या जिवावर उठतात. उलट पाच स्वरांचे राग, ज्यात अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे शेजारी नाहीत, त्यात कुठलाही स्वर कुठल्याही स्वरावर सांडला तरी बिघडत नाही.

आणि गंमत अशी की हे राग वाद्यात आयतेच मांडलेले आहेत. डाव्या कडेला फक्त काळ्या पट्ट्यांचे स्वर आहेत ना? तुम्ही पेटीवाले आहात, पटकन लक्षात येईल. काळी तीनला, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीच्या स्वराला सा धरा, नुसती डावी कड वाजवत जा, भूप राग झाला, आणि तोही मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत. अभंगाला याहून जास्त काय लागतं? काळी एकला सा धरा, त्याच तारांवर दुर्गा. काळी पाचला सा धरा, मालकंस, मंद्र गंधारापासून तार षड्जापर्यंत. काळी दोनवर धानी निघतो, काळी चारवर मधमाद सारंग. दहा तारा, एकच कड, शेजारच्या फटीत गज गेला तरी बेसूर होत नाही. नवशिक्याला याहून सुरक्षित जागा नाही. मी पोरांना पहिले सहा महिने उजवी कड शिवूच दिली नाही.

उजवी कड म्हणजे सात स्वरांचा संसार. पांढरी एकवर बिलावल, दोनवर काफी, तीनवर भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज, सहावर आसावरी. इथे अर्ध्या स्वराच्या दोन जागा येतात, पेटीच्या तीन-चार आणि सात-एक. त्या दोन जोड्यांपाशी तळव्याचा चूप आधी तयार ठेवायचा. आणि दोन्ही कडा मिसळून वाजवणं, म्हणजे उजवीवरून डावीवर गज उचलून नेणं, हे दुसऱ्या वर्षाचं काम. घाई करू नका. डावी कड उजव्या हाताने वाजवताना कोपर वाद्यावरून न्यावं लागतं. मी वाद्य मांडीवर थोडं उजवीकडे वळवून ठेवते, म्हणजे खांदा भरून येत नाही.

तर मग भजनात चालेल का? तुमचं भजन कसलं आहे यावर आहे. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांपासून खंजिरीची परंपरा आहे, आणि खंजिरी रंगात आली की पेटीलासुद्धा पट्टी धरून बसावं लागतं. तिथे हे वाद्य बुडतं. मी एका एकादशीला हौसेने घेऊन गेले होते. पहिल्या भजनात मला माझंच ऐकू येईना, म्हणून गज दाबला. गज दाबला की ही तार गात नाही, किंचाळते. माइक जवळ आणला तर माइकात टाळ जास्त आले. तिसऱ्या भजनाला मी वाद्य गुंडाळून टाळ हातात घेतले.

पण तेच वाद्य सामुदायिक प्रार्थनेच्या आधी, माणसं येऊन बसताहेत, अजून कुणी काही सुरू केलेलं नाही, अशा दहा मिनिटांत वाजवून बघा. किंवा संथ अभंगात दोन चरणांच्या मधल्या जागेत. किंवा बाया दुपारी ओट्यावर बसून बिनताल ओव्या म्हणतात तेव्हा, नुसता सा आणि पंचम. तिथे लोक आपोआप हळू बोलायला लागतात. मी आता मंडळात एवढंच करते. सुरुवातीला आलापासारखं थोडं, मध्ये एखाद्या संथ अभंगाला साथ, आणि जलद सुरू झालं की पेटीवाल्याला नमस्कार करून बाजूला. तुम्हीच पेटीवाले असल्यामुळे तुमची पंचाईत अशी की दोन्ही एकदम वाजवता येणार नाही. मंडळात पेटी धरणारा दुसरा कुणी आहे का, हे वाद्य घ्यायच्या आधी बघा.

एक धोका तुम्हाला मंडळात नक्की येणार. स्वर लावायला लोक मोबाइलचा ट्यूनर वापरतात, मीही वापरते. पण गावोगावच्या जुन्या पेट्या त्या ट्यूनरच्या मापाला बसतीलच असं नाही, कुणाची थोडी चढी असते, कुणाची उतरलेली. वाद्य मोबाइलला लावून नेलं आणि पेटी किंचित चढी निघाली, तर पंचवीसच्या पंचवीस तारा बेसूर. पेटीचे सूर तिथल्या तिथे बदलत नाहीत, तुमच्या तारा बदलतात. म्हणून नेहमी मंडळाच्या पेटीवर लावायचं. मोबाइल घरी रियाजाला. आणि पूर्ण वाद्य अर्धा स्वर चढवायचा मोह टाळा. अर्ध्या स्वराला तारेचा ताण साधारण आठव्या हिश्श्याने वाढतो. एका तारेला ते काही नाही, पण पंचवीस तारांचं ओझं लाकडावर एकदम येतं.

इथून सुताराकडे वळते. बनवता येईल का? येईल, मी दोन करून घेतलीत. एक आहे, एक गेलं. गेलेल्याची गोष्ट आधी.

पहिलं करताना सुतार म्हणाला, ‘बाई, सागवानच घ्या, शंभर वर्षं हलणार नाही.’ आपल्याकडे सागवान म्हणजे देवच. आलापल्लीच्या जंगलाचं नाव काढलं की पुढे कुणी बोलत नाही. आम्ही सगळंच सागवानाचं केलं, वरची फळीसुद्धा, आणि ती जाड ठेवली, टिकावी म्हणून. वाद्य झालं भक्कम. वाजलं पाटासारखं. वरची फळी हलली पाहिजे, तिच्यातूनच तो आवाज येतो. ती तीन-चार मिलिमीटरच्या आसपास पातळ हवी आणि हलक्या लाकडाची, रेषा तारांच्या दिशेने. सतारीला, सारंगीला तूण वापरतात, ते मिळालं तर उत्तम. सागवान चौकटीला ठेवा.

मग आला एप्रिल. खुंट्यांची भोकं सुताराने खुंटीच्या मापाचीच पाडली होती. पावसाळ्यानंतर त्या बऱ्या बसल्या होत्या, उन्हाळ्यात लाकूड सुकलं आणि खुंट्या सरकायला लागल्या. सकाळी लावावं, दुपारी सगळ्या तारा लोंबकळलेल्या. मी भोकात कागद कोंबला, कापड कोंबलं, खडूची भुकटी टाकली. शेवटी एका दुपारी आमच्या टिनाच्या खोलीत ठाण्ण असा आवाज झाला. मागची बाजू चिकटवलेली होती ती उघडली होती. पंचवीस तारांचा ताण, त्यांची जाडी, लांबी आणि स्वर धरून मी नंतर हिशेब केला, तो क्विंटलभर निघतो. एक क्विंटल कापूस त्या त्रिकोणावर दिवसरात्र लादल्यासारखं आहे ते. नुसत्या पांढऱ्या गोंदाच्या भरवशावर, तेही टिनाखाली, कसं टिकेल?

दुसऱ्या वेळी सुताराला बसवून आधी समजावलं. खुंट्या ज्या ठोकळ्यात बसतात तो बिजा किंवा शिसमसारख्या कठीण लाकडाचा. भोक खुंटीपेक्षा थोडं बारीक, आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी एक भोक पाडून खुंटी फिरवून बघायची. किल्लीला जोर लागला पाहिजे पण लाकूड चिरता कामा नये. भोक सरळ उभं पाडायचं नाही, तार ओढते त्याच्या उलट दिशेला किंचित कलतं. आत, वरच्या फळीखाली, एक-दोन आडव्या पट्ट्या. खुंट्या आणि किल्ली मात्र गावात घडवायला जाऊ नका. नागपूरला वाद्यांच्या दुकानात स्वरमंडळाच्या, संतूरच्या मिळतात, त्याच चालतात. तारा सतारीच्या बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची पोलादी तार. सगळ्यांना एकच जाडी ठेवली तर खर्जाकडच्या सैल आणि वरच्या ताठ लागतात, म्हणून टोकाकडच्या सात-आठ तारांना एक नंबर जाड वापरा.

गज छोटा हवा. व्हायोलिनचा लहान मुलांचा गज मिळतो, तो चालतो. मी दुसरा गज धनुष्यासारखा वाकवलेल्या बांबूचा करून घेतला, वर दुकानातून आणलेले घोड्याचे केस. नव्या केसांना राळ लावल्याशिवाय आवाजच येत नाही, आणि नव्या राळेच्या वडीवरून केस नुसते घसरतात. वडीला आधी पॉलिश पेपरने घासून पांढरी भुकटी काढायची, मग त्यावरून गज फिरवायचा. हे माहीत नसल्याने भाचीने आणलेलं वाद्य मी पहिले चार दिवस मुकं समजत होते. तिला फोनवर म्हणाले, तुझं बिघडलेलं निघालं.

बनवायचं की मागवायचं, याचं उत्तर तुमच्या सुतारावर आहे. तो दारं-खिडक्या करणारा असेल आणि ‘चालते ना बाई एवढं’ म्हणणारा असेल तर मागवलेलं बरं. माप ऐकणारा, तुकड्यावर करून बघणारा असेल तर करा, पण पहिलं वाद्य शिकण्यासाठी मोडणार हे धरून चला. आणि दोन्हींपैकी काहीही करा, आपल्या उन्हाळ्याचा विचार आधी. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि तार लाकडापेक्षा जास्त फुगते. तापली की लांबते, ताण उतरतो, सा खाली येतो. खर्जाच्या सैल तारा जास्त उतरतात, वरच्या कमी. म्हणजे वाद्य नुसतं उतरत नाही, आपसात वाकडं होतं. मे महिन्यात मी दिवसातून तीनदा लावायचे, मग सोडून दिलं. आता मे महिन्यात पहाटे पाच ते साडेसहा एवढंच वाजवते, बाकी वेळ वाद्य आतल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, चादरीत गुंडाळून. कूलरसमोर अजिबात ठेवू नका. थंड लागतं म्हणून लोक ठेवतात, पण त्या ओल्या हवेने आठ दिवसांत पिनांपाशी गंज धरतो आणि फळी फुगते. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, विशेषतः बोट लागलेल्या जागा.

शिकायला किती दिवस लागतील, हेही सांगते. पेटीचे स्वर कानात असलेल्या माणसाला, रोज अर्धा तास धरला तर, सोयाबीन निघाल्यापासून तुरीच्या कापणीपर्यंत डाव्या कडेवरच्या चार-पाच चाली येतील. त्यातला पहिला महिना चाल वाजवूच नका. एकच तार घ्या. गज तारेवर आधी टेकवायचा, मग ओढायचा, हवेतून आणून आपटायचा नाही. तारेला काटकोनात, पिनेच्या जवळ, वजन गजाचं स्वतःचं तेवढंच. आणि उचलताना गज चालता असताना उचलायचा. थांबवून उचललात तर केस तारेला धरून ठेवतात आणि तिची गुंज तिथेच मारतात. बोटभर फरकाची गोष्ट आहे, पण धुकं यातच आहे. पोरांना मी सांगायची, तव्यावरून भाकरी उचलताना हात थांबवतो का आपण?

मागवायच्या किंवा सुताराला बयाणा द्यायच्या आधी एक करा. त्या व्हिडिओतली तुम्हाला आवडलेली जागा पुन्हा ऐका, पेटी घेऊन, आणि ते कुठल्या पट्ट्यांवर वाजतंय ते शोधून बघा. पाच स्वरांतलं निघालं तर ते जसंच्या तसं तुमच्या हातात येईल. आणि तुमचं मंडळ कुठल्या पट्टीत गातं, खंजिरी किती वेळ चालते, तेवढं इथे कळवा. पट्टी काळी एक किंवा तीन असेल तर माझ्या त्याच दहा तारांच्या चाली स्वरांत लिहून पाठवते.